फुटांनी मोजलेली कला
(युद्धकाळातील चित्रपट आणि पुरस्कार : प्रस्तावना)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या, म्हणजे 1939 ते 1945 या वर्षांतल्या, भारतीय चित्रपटांना कोणकोणते पुरस्कार मिळाले, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर फार लहान होते. सरकारी पुरस्कार नव्हते. निर्माते, दिग्दर्शक आणि तंत्रज्ञ यांनी एकत्र येऊन परस्परांच्या कामाची पारख करावी अशी संस्था नव्हती. जे काही होते ते पत्रकारांच्या हौसेवर आणि प्रेक्षकांच्या पसंतीवर चालले होते. त्यावरून एक निष्कर्ष सहज काढला जातो : त्या काळात गौरवण्यासारखे फारसे काही घडलेच नसावे. युद्ध होते, टंचाई होती, काळा पैसा नुकताच धंद्यात शिरत होता. अशा वेळी कला आणि तंत्र यांचे काय होणार? माझे म्हणणे नेमके उलट आहे. या वर्षांत आपल्या तंत्रज्ञांची जितकी कठोर परीक्षा झाली तितकी त्याआधी क्वचितच झाली असेल. परीक्षा घेणारे सरकार दिल्लीत होते, ते फिल्म फुटांनी मोजत होते, आणि उत्तीर्ण कोण झाले याची नोंद ठेवणे हे आपले काम आहे असे त्याला कधी वाटले नाही. पुढे गौरवाची व्यवस्था उभी राहिली तीही याच दिल्लीत, आणि तिनेही पडद्यामागच्या माणसाकडे वळायला बराच वेळ घेतला. म्हणून या काळाकडे पाहताना विजेत्यांची यादी बाजूला ठेवून ती यादी का तयार झाली नाही, या प्रश्नापासून सुरुवात करावी लागते.

तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहिले तर फरक लगेच ध्यानात येतो. तिथली चित्रपट अकादमी 1927 मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले पुरस्कार 1929 मध्ये दिले गेले. त्या पहिल्याच यादीत छायालेखन आणि कला दिग्दर्शन होते. ध्वनिमुद्रणाची भर 1930 मध्ये पडली, संकलनाची 1934 मध्ये, आणि यंत्रे व प्रक्रिया यांच्या शोधांसाठी 1931 पासून वेगळे वैज्ञानिक-तांत्रिक पुरस्कार सुरू झाले. म्हणजे युद्ध पेटले तेव्हा पारखण्याची सारी चौकट तयार होती. युद्धाने तिला फक्त काटकसर शिकवली. धातूच्या टंचाईमुळे ऑस्करची बाहुली तीन वर्षे रंगवलेल्या प्लास्टरची दिली गेली आणि युद्ध संपल्यावर ती बदलून मिळाली. 1942 च्या समारंभात उंची पोशाखाला फाटा देण्यात आला. 1944 मध्ये मेजवानीची प्रथा सोडून समारंभ चित्रपटगृहात झाला. पण एकही तांत्रिक पुरस्कार बंद पडला नाही. उलट माहितीपटांचा नवा विभाग 1942 मध्ये आला आणि 1943 मध्ये त्यात 25 नामांकने होऊन चार माहितीपटांना एकाच वेळी पुरस्कार मिळाला. त्यांपैकी एक जॉन फोर्ड यांचा मिडवेच्या लढाईवरचा होता, एक फ्रँक काप्रा यांचा, एक मॉस्कोच्या प्रतिकाराचा आणि एक न्यू गिनीतल्या कोकोडा आघाडीवर डेमियन पॅरर या ऑस्ट्रेलियन कॅमेरामनने टिपलेल्या दृश्यांचा. बाहुली प्लास्टरची असली तरी तिच्यामागे समव्यावसायिकांचा निवाडा होता, आणि आपल्याकडे उणीव होती ती नेमकी या निवाड्याची.

आपल्याकडे काय होते? 1940 मध्ये सरकारने फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड नेमले. वाडिया मूव्हीटोनचे जे. बी. एच. वाडिया त्याचे अध्यक्ष होते आणि व्ही. शांताराम यांनीही काही काळ त्याचे प्रमुख निर्माते म्हणून काम पाहिले. 1941 मध्ये माहिती आणि नभोवाणी खाते वेगळे झाले. 1943 मध्ये बोर्डाची जागा इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडियाने घेतली, आणि सरकारमान्य 2,000 फुटांपर्यंतचे युद्धविषयक लघुपट व वार्तापट दाखवणे चित्रपटगृहांना सक्तीचे झाले. त्याआधीच, 1942 मध्ये, चित्रपटाची लांबी 11,000 फुटांवर आणि जाहिरातपटाची 400 फुटांवर बांधली गेली होती. 1943 च्या मध्यापासून कच्ची फिल्म परवान्यावर मिळू लागली, आणि युद्धप्रयत्नाला पूरक चित्रपट काढण्याची अटही परवान्यामागोमाग आली. कच्ची फिल्म सगळी आयात होई. जर्मनीची आगफा युद्धामुळे मिळणे शक्यच नव्हते. 1940 मध्ये बेल्जियम जर्मनीच्या ताब्यात गेल्यावर गेव्हर्टचाही मार्ग खुंटला. राहिला तो मुख्यतः कोडॅकचा पुरवठा, आणि त्याला जहाजांत जागा मिळेल तेवढाच. आपला स्वतःचा फिल्मचा कारखाना उटीला उभा राहायला 1960 चे दशक उजाडावे लागले. त्यामुळे 1943 मध्ये दीडशेच्या पुढे असलेली चित्रपटांची वार्षिक संख्या 1945 मध्ये शंभराच्या खाली आली. या स्थितीत निर्मात्याला सर्वांत हवीशी वाटणारी गोष्ट मानपत्र किंवा पदक नव्हती. ती परवाना होती. परवाना हेच त्या वर्षांतले बक्षीस होते, आणि तो पटकथेची किंवा छायालेखनाची गुणवत्ता पाहून मिळत नसे.

11,000 फूट म्हणजे नेमके काय, हे जरा जवळून पाहिले पाहिजे, कारण तंत्रज्ञांवर पडलेला भार या आकड्यातच आहे. 35 मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी बसतात आणि बोलपटात सेकंदाला 24 चौकटी सरकतात. म्हणजे मिनिटाला 90 फूट. या हिशेबाने 11,000 फूट म्हणजे दोन तास आणि वर दोनेक मिनिटे. दहा-बारा गाणी आणि ऐसपैस संवाद यांना सरावलेल्या धंद्याला ही कात्री फार मोठी होती. पण ही मर्यादा तयार चित्रपटाची झाली. चित्रण करताना लागणारी फिल्म वेगळी, आणि तिथे खरी कसोटी होती. चुंबकीय फीत अजून आपल्या स्टुडिओंत आली नव्हती. आवाजही फिल्मवरच प्रकाशरेषेच्या रूपात मुद्रित होई. कॅमेऱ्यात चित्राची निगेटिव्ह फिरे, ध्वनियंत्रात आवाजाची, आणि दोन्ही एकाच वेळी खर्ची पडत. नटाचा उच्चार चुकला, दिव्याची गुरगुर माइकमध्ये शिरली, ट्रॉलीचे चाक करकरले, की दोन्ही फिती वाया. पुन्हा घ्यायचे तर पुन्हा दुहेरी खर्च. चौकट ठरवताना छायालेखकाला, माइक टांगताना ध्वनिमुद्रकाला, तालीम घेताना दिग्दर्शकाला आणि शेवटी कात्री हातात घेतलेल्या संकलकाला, प्रत्येकाला फुटांचा हिशेब डोक्यात ठेवूनच काम करावे लागे. टंचाईत काढलेल्या चित्रपटाचा बांधेसूदपणा दिग्दर्शकाच्या खात्यावर जमा होतो. त्यातला मोठा भाग या माणसांच्या अचूकपणाचा होता.

मराठी वाचकाला यासाठी लांब जावे लागत नाही. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीची युद्धकाळातली कामगिरी डोळ्यांसमोर आणावी. 1940 चा दामले-फत्तेलाल यांचा ‘संत ज्ञानेश्वर’ हा चमत्कारांचा चित्रपट आहे. रेडा वेद म्हणतो, वाघावर बसून चांगदेव येतो, भिंत चालते. श्रद्धेचा विषय असल्याने प्रेक्षक हे सारे सहज मानून घेतो, आणि तंत्राचे यश याच सहजपणात असते. भिंत जराही डगमगली असती तर सभागृहात हशा पिकला असता. 1941 चा शांतारामांचा ‘शेजारी’ घ्या. केशवराव दाते यांचा जिवबा आणि गजानन जागीरदार यांचा मिर्झा या दोन जिवलग शेजाऱ्यांत धरणाच्या निमित्ताने वितुष्ट येते आणि अखेरीस धरण फुटते. विश्राम बेडेकरांच्या लेखनाची आणि अभिनयाची चर्चा आजवर भरपूर झाली. पण स्फोट, कोसळणारे पाणी आणि त्यात सापडलेली दोन माणसे एकाच वेळी विश्वसनीय वाटावीत यासाठी कॅमेरा, नेपथ्य, प्रतिकृती आणि संकलन यांचा जो मेळ बसवावा लागला, त्याबद्दल आपण फारसे लिहिलेले नाही. 1944 च्या ‘रामशास्त्री’च्या वेळी तर टंचाई पुरती भरात होती, आणि तरीही पेशवाईचे वातावरण कुठे उणे वाटत नाही. या साऱ्यामागे विष्णुपंत दामले होते, ज्यांनी प्रभातच्या ध्वनिमुद्रणाची घडी बसवली, साहेबमामा फत्तेलाल होते, ज्यांच्या नेपथ्याने प्रभातला तिचा चेहरा दिला, व्ही. अवधूत यांच्यासारखे छायालेखक होते. ही परंपरा कोल्हापुरात स्वतःच्या हाताने कॅमेरा तयार करणाऱ्या बाबूराव पेंटरांपासून आलेली. विकत आणलेल्या यंत्राचे पोटही उघडून पाहायचे, हा तिचा संस्कार, आणि सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा तो फार उपयोगी पडला असणार.

मग यांना दाद दिली कोणी? कलकत्त्यात 1937 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल फिल्म जर्नालिस्ट्स असोसिएशनचे नाव इथे आदराने घेतले पाहिजे. बंगाली, हिंदी आणि परदेशी चित्रपटांचा वेगवेगळा विचार करून या पत्रकारांनी नट-नट्यांबरोबर छायालेखक आणि ध्वनिमुद्रक यांचीही दखल घेण्याची पद्धत पाडली, आणि जपानी बाँबच्या छायेतही ती सोडली नाही. मुंबईत बाबूराव पटेल यांचे ‘फिल्मइंडिया’ हे मासिक होते. त्याचा शब्द चित्रपट उचलून धरी किंवा आडवा करी. पण पत्रकाराची दाद आणि समव्यावसायिकाची दाद यांत फरक आहे. पत्रकार पडद्यावर दिसते त्यावरून बोलतो. एखादे दृश्य किती अवघड होते, ते किती थोड्या टेकमध्ये निभावले, कोणत्या युक्तीने फिल्म वाचवली, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. ते ओळखणारी माणसे स्टुडिओंत होती, पण मुंबईत परळच्या ध्वनिमुद्रकाने कलकत्त्यात टॉलीगंजच्या ध्वनिमुद्रकाचे काम तपासून मत द्यावे असे व्यासपीठ नव्हते. सरकारशी परवान्यांबद्दल भांडायला निर्मात्यांच्या संघटना होत्या. कारागिरांच्या पारखीसाठी काहीच नव्हते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो साधा नाही. 1942 मध्ये देशात ‘चले जाव’चा वणवा पेटला, हजारो माणसे तुरुंगात गेली, 1943 मध्ये बंगालच्या दुष्काळात लक्षावधी लोक अन्नावाचून मेले. अशा वेळी ध्वनिमुद्रकाला पदक मिळाले नाही ही काय तक्रार झाली? तक्रार म्हणून ती खरोखरच क्षुल्लक आहे. पण मी ती तक्रार म्हणून मांडत नाही, पुरावा म्हणून मांडतो. जे सरकार चित्रपटाला युद्धप्रचाराचे प्रभावी साधन मानत होते, त्यासाठी बोर्डे नेमत होते, सक्तीने लघुपट दाखवत होते, त्याला त्या साधनाची ताकद कळलेली होती. त्याने फिल्मचा फूट न् फूट मोजला आणि ती फिल्म वापरणाऱ्याचे कौशल्य मोजले नाही. वस्तू दुर्मीळ, माणूस मात्र अदलाबदल करता येणारा, ही ती दृष्टी. ती युद्धाबरोबर संपली असती तर तिच्याबद्दल लिहिण्याचे कारण नव्हते. ती पुढे पंचवीस-तीस वर्षे टिकली, म्हणून तिचा उगम शोधणे भाग आहे.

दुसरा आक्षेप असा की पुरस्कार म्हणजे शेवटी राजकारण आणि जाहिरात. ते नव्हते हेच बरे. याला आधार आहे. 1937 मध्ये ‘संत तुकाराम’ने व्हेनिसच्या महोत्सवात मान मिळवला याचा आपल्याला रास्त अभिमान वाटतो, पण त्याच महोत्सवातले सर्वोच्च पारितोषिक त्या काळी मुसोलिनीच्या नावाने दिले जात होते. पुढच्याच वर्षी तिथल्या निकालांत हुकूमशाहीचा हात इतका उघड दिसला की फ्रान्सने कानला वेगळा महोत्सव भरवायचे ठरवले. तो सप्टेंबर 1939 मध्ये व्हायचा होता, युद्धाने तो 1946 पर्यंत लांबला, आणि त्या पहिल्या महोत्सवात चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ सर्वोच्च सन्मान मिळालेल्या चित्रपटांमध्ये होता. तेव्हा राजकारण होते हे मान्य. पण हा आक्षेप चित्रपटाला मिळणाऱ्या सर्वोच्च पारितोषिकाला जितका लागू पडतो तितका तंत्राच्या पुरस्काराला पडत नाही. कोणता आशय श्रेष्ठ यावर राज्यकर्त्यांची आवडनिवड चालते; आवाज स्वच्छ आहे का, प्रकाशाचा तोल सांभाळला आहे का, हे ठरवताना तिला वाव कमी असतो. राजकारणाची भीती असेल तर तांत्रिक पुरस्कार आधी सुरू व्हायला हवे होते. आपल्याकडे उलटे घडले.

ते कसे घडले, हे तारखांच्या क्रमातून दिसते. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालच्या चित्रपट चौकशी समितीने 1951 मध्ये अहवाल दिला. 1954 मध्ये सरकारी पुरस्कार सुरू झाले आणि पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. मराठी माणसाला ही गोष्ट तोंडपाठ असते. त्या चित्रपटाचे छायालेखक आर. एम. रेळे होते, हे किती जणांना सांगता येईल? दोष वाचकांचा नाही. पुरस्कार चित्रपटाला होता, त्यातल्या कामांना वेगळा नव्हता. व्यक्तिगत राष्ट्रीय पुरस्कार आले ते 1967 च्या चित्रपटांपासून. नट, नटी, दिग्दर्शन, छायालेखन ही नावे तेव्हा यादीत आली. ध्वनिमुद्रण आणि संकलन यांना 1976 पर्यंत थांबावे लागले, कला दिग्दर्शनाला 1979 पर्यंत, वेशभूषेला 1984 पर्यंत. ‘आलम आरा’ 1931 चा. म्हणजे चित्रपट बोलू लागल्यावर त्याचा आवाज मुद्रित करणाऱ्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळायला 45 वर्षे लागली. अकादमीच्या पहिल्या कला दिग्दर्शन पुरस्कारात आणि आपल्या पहिल्या पुरस्कारात बरोबर अर्धशतक आहे. दादासाहेब फाळके पुरस्कार 1969 च्या वर्षापासून सुरू झाला. केवळ छायालेखक म्हणून ओळख असलेल्या व्ही. के. मूर्ती यांना तो 2008 साठी मिळाला. युद्धकाळात ज्यांनी फूट वाचवले त्यांच्यापैकी बहुतेकांपर्यंत यातले काहीच पोचले नाही. दामले 1945 मध्ये गेले, फत्तेलाल 1964 मध्ये. फत्तेलालांचे आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांचे नाव महाराष्ट्र शासनाच्या तांत्रिक पुरस्कारांना पुढे दिले गेले, ही चांगली गोष्ट झाली. मात्र ज्यांच्या नावाने पुरस्कार देतो त्यांच्या उमेदीच्या वर्षांत तसा पुरस्कारच नव्हता, हे त्यासोबत आठवले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की चित्रपट ही सामूहिक कला आहे. चित्रपटाला मान मिळाला म्हणजे त्यातल्या साऱ्यांना मिळाला, वेगवेगळी पदके कशाला? प्रभातचा कारभार पाहिला तर या विचारात तथ्य वाटते. तिथे भागीदारच तंत्रज्ञ होते. दामले, फत्तेलाल आणि धायबर यांना स्वतःच्या कामाची वेगळी पावती मागण्याची गरज नव्हती, कंपनीचे नाव तेच त्यांचे नाव. पण युद्धाने मोडले ते नेमके हेच घर. 1942 मध्ये शांताराम बाहेर पडले, परळला त्यांचा राजकमल स्टुडिओ उभा राहिला. परवान्यांच्या आणि काळ्या बाजाराच्या दिवसांत नवखे भांडवलदार धंद्यात आले, नट-नट्या स्टुडिओची नोकरी सोडून चित्रपटागणिक पैसे घेऊ लागल्या, आणि स्टुडिओपद्धतीचा पाया खचला. प्रभात 1953 मध्ये बंद झाली. तारांकित नटाला मोकळ्या बाजारात भाव मिळाला. ध्वनिमुद्रकाचे छत गेले आणि नावही श्रेयनामावलीतल्या काही सेकंदांपुरते उरले. सामूहिकतेचा युक्तिवाद समूह टिकून होता तोवर खरा होता. तो फुटल्यावर व्यक्तीच्या कामाची स्वतंत्र नोंद आवश्यक झाली, आणि नेमकी तेव्हाच ती नव्हती. चित्रपट स्वतःच त्यांची नोंद आहेत, हे समाधानही अपुरे आहे. त्या काळची नायट्रेट फिल्म पेट घेणारी आणि कुजणारी होती. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात 1964 मध्ये स्थापन झाले तोवर त्या वर्षांतले कितीतरी चित्रपट नाहीसे झाले होते.

हा विषय दिल्लीत, आणि तोही करोल बागेत बसून, मांडण्याला थोडे औचित्य आहे. दिल्ली चित्रपट काढणारे शहर कधीच नव्हते. ती फाइलींची आणि वितरणाची नगरी. 1931 मध्ये 6,36,246 असलेली दिल्ली प्रांताची लोकसंख्या 1941 मध्ये 9,17,939 झाली, आणि युद्धाच्या कचेऱ्यांनी शहर आणखी फुगत गेले. करोल बाग ही सरकारी चाकरमान्यांच्या वस्त्यांपैकी एक. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी तिला आजचे बाजारी रूप दिले. इथून सचिवालय फार लांब नाही. मुंबई-पुण्याच्या चित्रपटांचे भवितव्य ज्या कागदांवर ठरले ते याच शहराच्या कचेऱ्यांतून फिरले, आणि पुढे पदकेही याच शहरात राष्ट्रपतींच्या हस्ते वाटली गेली. मोजणारा आणि गौरवणारा एकच असला की गौरवाच्या निकषांत मोजण्याची सवय उतरते. जिथे निकष कारागिरांनी घडवले तिथे तांत्रिक पुरस्कार पहिल्या दिवसापासून होते. जिथे शासनाने घडवले तिथे आधी आशय, मग चेहरे आणि सर्वांत शेवटी हात, असा क्रम लागला.

म्हणून पुढील पाने वाचताना वाचकाने पुरस्कारांच्या तक्त्याशेजारी दुसरा एक तक्ता मनात धरावा : त्या वर्षी फिल्म किती मिळत होती, लांबीची मर्यादा किती होती, यंत्रांचे भाग येत होते की नाही. दोन्ही शेजारी ठेवले की जुन्या चित्रपटातले आखूड दृश्य, एकाच चौकटीत उरकलेला संवाद किंवा अचानक संपणारे गाणे यांच्याकडे उणीव म्हणून पाहण्याआधी आपण थांबू. काही ठिकाणी ती उणीवच निघेल; युद्धकाळात सुमार चित्रपटही पुष्कळ निघाले, आणि टंचाईने कोणी आपोआप कलावंत होत नाही. पण पुष्कळ ठिकाणी तिथे एका माणसाने घेतलेला विचारपूर्वक निर्णय सापडेल, आणि श्रेयनामावलीत त्याचे नावही सापडेल. ते नाव टिपून ठेवणे, त्याने त्या परिस्थितीत काय साधले हे नेमक्या शब्दांत लिहिणे, ही कामे कोणत्याही समितीच्या मंजुरीवाचून आजही करता येतात. तंत्राची समीक्षा मराठीत अजून तुटपुंजी आहे. अभिनयावर आपण दहा पाने लिहितो आणि ध्वनीवर एक ओळ. पुरस्कार उशिरा आले हे आता बदलणार नाही. समीक्षेने मात्र आणखी उशीर करण्याचे कारण नाही.

करोल बाग, नवी दिल्ली